पैलवान प्रमाण धरला तेव्हा

वीज गेली की आनंद होणारी बाई कोल्हापूर जिल्ह्यात एकच होती, आणि ती मी. भारनियमनाची ती वर्षं आठवा. गिरणीत दळण अडकायचं, टाकीत पाणी चढायचं नाही आणि सगळा जिल्हा वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडायचा. मी मात्र वर पंख्याकडं बघत बसायचे आणि तो थांबला रे थांबला की टाळी वाजवून उठायचे. गडमुडशिंगीत तर मला नावच पडलं होतं, 'लाईट गेली की हसणारी मॅडम'.

मी जन्मभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं आणि उरलेल्या वेळात एक यंत्र बनवत राहिले. आता निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, म्हणजे तुम्ही काय करत होता? 'क्वांटम' हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस एक तर हात जोडतो, नाही तर अध्यात्मात शिरतो. मला दोन्हीचा राग येतो. म्हणून साधं सांगते.

पेढ्याएवढी एक काळी वडी असते. यिट्रियम, बेरियम आणि तांबं यांच्या संयुगांच्या भुकट्या खलून, दाबून, भट्टीत भाजून आम्ही ती करायचो. द्रव नायट्रोजनच्या भयंकर थंडीत ती बुडवली की तिच्यातून वाहणाऱ्या विजेला काहीच अडथळा राहत नाही. वडीला मधोमध भोक पाडून तिचं कडं केलं आणि त्यात वीज फिरवली, तर ती फिरतच राहते, मागून कुणी ढकलावं लागत नाही. मग त्या कड्याची एक बाजू कानशीनं घासत घासत इतकी बारीक करायची की विजेनं तिथं अडावं. ती अडत नाही. इलेक्ट्रॉनांच्या जोड्या आडवी आलेली भिंत न चढता, न फोडता पलीकडं निघतात. हे मी कित्येक वर्षं फळ्यावर शिकवलं होतं. पण नव्वदच्या दशकात एका दुपारी आमच्याच भट्टीतून निघालेल्या वडीवर मीटरचा काटा पुस्तकात लिहिल्यासारखा टप्प्याटप्प्यानं हलला. मी शिपायाला चहा आणायला पिटाळलं, दार लावलं आणि ढसाढसा रडले. इतकी वर्षं जे मी पोरांना सांगत होते ते खरं होतं, याचा मला धक्का बसला होता.

अशा कड्याला स्क्विड म्हणतात. ते चुंबकत्व मोजतं, तेही अगदी नखभर. आपलं काळीज दर ठोक्याला थोडी वीज तयार करतं, आणि विजेबरोबर चुंबकत्व येतंच. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दहा लाखाव्या हिश्शाएवढं ते असतं. छातीला वायरी न चिकटवता, कपड्यांवरून, ते मोजणारं यंत्र कोल्हापुरात आणि स्वस्तात करायचं, हे माझं वेड. परदेशात त्यासाठी खास धातूच्या जाड भिंतींच्या खोल्या बांधत. आमच्या प्रयोगशाळेच्या दाराला कडी धड लागत नव्हती.

त्यामुळं व्हायचं ते झालं. रस्त्यावरून बस गेली की काटा उडायचा. उद्यमनगरातल्या कुणा फाउंड्रीनं भट्टी पेटवली की आमची रेघ कागदाबाहेर. आणि सगळ्यात मोठा वैरी म्हणजे भिंतीभिंतीतून चोवीस तास गुणगुणणारी वीज. त्या गोंगाटात काळजाचा ठोका शोधणं म्हणजे हलगीच्या कडकडाटात शेजारच्याचा श्वास ऐकण्यासारखं होतं. दहाएक वर्षं मी तो शोधला. सहकारी मागं हसायचे, पुढंपुढं तर तोंडावर हसायला लागले.

पुढं वैशाली माझ्याकडं पीएच.डी.ला आली. शिरोळची, वडील प्राथमिक शिक्षक. अस्सल कोल्हापुरी पोरींसारखी 'मी आलो', 'मी गेलो' म्हणायची. फोनवर वडिलांना 'जयभीम बाबा' म्हणायची आणि मग बराच वेळ माझ्या तक्रारी सांगायची. फोन माझ्याच टेबलावर होता, याचं तिला काही वाटत नसे.

एका दुपारी आम्ही दोघी यंत्र ट्रकच्या बॅटऱ्यांवर चालवून बघत होतो आणि वीज गेली. कागदावर केसाळ सुरवंटासारखी चाललेली रेघ एकदम बारीक झाली. मला वाटलं, यंत्र मेलं. वैशालीनं लांबून किल्ल्यांचा जुडगा हलवला तर काटा टणकन उडाला. यंत्र जिवंत होतं, गोंगाट मेला होता. परदेशी मासिकं वाचून वाचून डोळे फुटले तरी जे जमलं नव्हतं, ते वीज खात्यानं आम्हाला फुकटात करून दिलं होतं.

मग उलटा शोध सुरू झाला. जिथं वीज जास्तीत जास्त वेळ जाते अशी जागा हवी, आणि जिथं द्रव नायट्रोजन मिळतो अशी जागा हवी. बाहेरच्या माणसाला हे अशक्य वाटेल. आमचा जिल्हा दुधाचा असल्यानं इथं गावोगावी दोन्ही एकत्र नांदतं.

गडमुडशिंगीच्या सर्जेरावांकडं शेती होती, म्हशी होत्या, आणि गावच्या दूध संस्थेचं कृत्रिम रेतनाचं काम होतं. जातिवंत रेड्याचं वीर्य बारीक नळ्यांत भरून द्रव नायट्रोजनच्या डब्यात ठेवतात. म्हैस माजावर आली की सर्जेराव तो डबा मोटारसायकलला अडकवून निघायचे. नायट्रोजनची गाडी त्यांच्या दारात ठरल्या दिवशी यायची, तीच आमचंही भांडं भरू लागली. त्यांनी मळ्यातली कौलारू खोली दिली. पत्रा नको, लोखंड नको, ट्रॅक्टर लांब लावा, असल्या माझ्या सगळ्या अटी त्यांनी नव्या नवरीचे लाड पुरवावेत तशा पुरवल्या. पहिल्याच दिवशी मी कोपऱ्यातला डबा उचलून आमच्या थर्मासात ओतायला लागले, तर गोठ्यातून सर्जेराव ओरडत आले.

"मॅडम, त्यो न्हवं! त्यो न्हवं! त्यात रेडं हाईत!"

मी डबा टाकायच्याच बेतात होते. पंचक्रोशीतल्या पुढच्या सगळ्या म्हशी माझ्या हातात होत्या, हे कळल्यावर मी तो दोन्ही हातांनी हळूच जमिनीवर ठेवला. त्यानंतर सर्जेरावांनी त्यांच्या डब्याला हिरवा रंग फासला आणि मला रोज विचारलं, "हिरवा कुणाचा?" मी म्हणायचे, "रेड्यांचा." मग ते आत येऊ द्यायचे.

आता काळीज पाहिजे होतं. यंत्र जुळवायचं तर एक खात्रीचं, निरोगी काळीज लागतं. त्याचा आलेख बरोबर आहे असं धरून चालायचं आणि यंत्र त्याला जुळवून घ्यायचं. याला आम्ही प्रमाण म्हणतो. दुकानदाराचा तराजू तपासायला छापाचं वजन लागतं, तसंच हे. दुसऱ्या कुठल्या गावी असते तर मी एखाद्या दवाखान्यातून तपासलेला माणूस मागवला असता. पण आम्ही कोल्हापूरचे, आणि आमच्यासमोर सर्जेरावांचा धाकटा भाऊ दिलीप उभा होता.

दिलीप शिवाजी पेठेतल्या तालमीत राहायचा आणि आठवड्यातून एकदा घरी यायचा. खोलीच्या दारातून तो तिरका होऊनच आत आला, सरळ मावतच नव्हता. त्या हंगामात राज्याच्या मानाच्या गदेसाठी त्याचं नाव घेतलं जात होतं. गावात त्याच्या चित्राचे फलक लागले होते.

"ह्ये घ्या काळीज," सर्जेराव त्याच्या छातीवर थाप मारून म्हणाले. "अख्ख्या जिल्ह्यात असलं दुसरं गावायचं न्हाय."

आम्हा दोघींना ते इतकं पटलं की पुढं विचार करायची गरजच वाटली नाही.

दिलीप लाजाळू होता. "मॅडम, शर्ट काढाय लागतोय व्हय?" त्यानं जमिनीकडं बघत विचारलं. मी म्हटलं, शर्ट राहू दे, पण पँटची चेन लोखंडी आहे, लुंगी नेसून ये. तो कानापर्यंत लाल झाला. मग काथ्याच्या बाजेवर उताणा निजला, बाज करकरली, आणि वरून आमचा फायबरचा थर्मास त्याच्या छातीशी आणला. आम्ही वीज जायची वाट बघत बसलो. वीज गेली. पेन हलला, थांबला, पुन्हा हलला. टोक, टोक, टोक. माणसाला हात न लावता त्याचं काळीज कागदावर चाललं होतं. वैशालीनं तोंडावर हात ठेवला. मी तर खाली जमिनीवरच बसले. दिलीप मान वळवून बघत होता.

"ह्ये मी हाय?" तो म्हणाला.

तो त्या दिवशी म्हशीकडं गेलाच नाही, कागदाच्या पट्टीकडं बघत बसला.

काळजाच्या प्रत्येक ठोक्याला कागदावर तीन खुणा उमटतात. आधी लहान टेकडी, मग उंच सुळका, मग एक गोल टेकडी. दिलीपची शेवटची टेकडी उलटी येत होती. टेकडीच्या जागी खड्डा. मी लगेच म्हणाले, "गाळणी चुकतेय." विजेच्या खुणेतला गाळ काढायला एक इलेक्ट्रॉनिक गाळणी लावलेली असते. ती वाकडी लागली तर टेकडीचा खड्डा होऊ शकतो, हे खरंच आहे. म्हणून वैशाली गाळणी जुळवायला बसली. आठवड्यामागून आठवडे गेले. दिलीप दर वेळी बाजेवर निजायच्या आधी विचारायचा, "आज तरी बरोबर यील का मी?"

"तू बरोबरच आहेस रे," मी म्हणायचे. "मशीन बिघडलंय."

आणि एके दिवशी टेकडी सरळ आली. आम्ही गावात पेढे वाटले. सर्जेरावांनी यंत्राला हळदकुंकू लावायचा घाट घातला, तो मोठ्या मिनतवारीनं थांबवला.

पुढच्या आठवड्यात आम्ही इतर माणसं घेतली. सर्जेराव निजले, खड्डा आला. वैशाली निजली, खड्डा. मी निजले, खड्डा. संस्थेत दूध घालून घरी निघालेल्या माणसांना हाका मारून आणलं, त्यांचेही खड्डेच. मी हबकून गेले. आता लिहिताना हसू येतं, पण त्या काही दिवसांत मी घरी नवऱ्याला छातीला कान लावायला सांगत होते, आणि पैलवानाची छाती रुंद असल्यामुळं फक्त त्याचंच मोजमाप नीट येतं, असा एक सिद्धांतही मी मांडायला घेतला होता. भौतिकशास्त्राची पदवी असलेल्या बाईनं! कुणी छेडलं असतं तर गडमुडशिंगीत काळजाची साथ आलीय असंही मी सांगितलं असतं.

वैशाली दोन दिवस कागदाच्या पट्ट्या पुन्हा पुन्हा ताडून बघत होती. तिसऱ्या दिवशी कॉलेजात माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, सगळं गाव चुकीचं आनि एकटा पैलवान बरोबर, असं कसं हो?"

"म्हणजे?"

"गाळणी पहिल्यासारखी लावतो. पुन्हा सगळ्यांना निजवू."

तिनं गाळणी पहिल्यासारखी लावली. सर्जेरावांची टेकडी सरळ आली. तिची आली, माझी आली, दूधवाल्यांच्या आल्या. शेवटी सुट्टीला आलेला दिलीप नेहमीसारखा लुंगी नेसून निजला, आणि त्याचा खड्डा आला. खोल, स्वच्छ, दर ठोक्याला सारखा. यंत्र पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं. पैलवान आजारी असूच शकत नाही म्हणून आम्ही यंत्रालाच इतके आठवडे खोटं बोलायला शिकवत होतो.

"तपासल्याशिवाय काही मानायचं न्हाय, असं बाबा लहानपणापासून सांगत आलेत," वैशाली परतताना म्हणाली. "पण पैलवानाला तपासायचं माझ्याबी डोक्यात आलं न्हाय."

आम्ही आधी सर्जेरावांना सांगितलं. ते हसायला लागले, आणि मधेच थांबले. "मागल्या म्हयन्यात तालमीत चक्कर आलती म्हणं तेला," ते म्हणाले. "ऊन लागलं म्हणत हुता." मग बराच वेळ ते म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

तालमीत बायका जात नाहीत. मी आणि वैशाली शिवाजी पेठेत तालमीच्या दाराबाहेर उभ्या राहिलो, येणारेजाणारे बघत होते. दिलीप लाल माती अंगाला तशीच घेऊन बाहेर आला. मी जमेल तसं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मशीन बिघडलंय म्हणत हुतासा की तुमीच," तो म्हणाला. "आता माझं काळीज बिघडलं व्हय?"

"मशीन बरोबर होतं, दादा," वैशाली म्हणाली. "चुकलो आम्ही."

"मग आज बरोबर हाय, ते कशावरनं?"

मी म्हणाले, "म्हणूनच डॉक्टरांकडं चल. मशीन खोटं निघालं तर तुझ्यासमोर फोडून टाकते." मी हे रागानं बोलले, पण मनापासून बोलले. तो हातपाय धुवायला आत गेला.

रिक्षात आम्ही तिघं अवघडून बसलो होतो. देवाजवळ काय मागावं हे मला कळत नव्हतं. यंत्र खरं निघालं तर हा पोरगा संपला. पोरगा ठणठणीत निघाला तर माझं आयुष्य आणि वैशालीची पीएच.डी. संपली. मी शपथेवर सांगते, मी पोराच्या बाजूनं मागितलं. पण मागताना दुसरा विचार मनात आलाच नाही, असं म्हणणार नाही.

डॉक्टरांनी इको काढला. पडद्यावर बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. दिलीपच्या काळजातल्या दोन कप्प्यांमधली भिंत जन्मजात दोषानं जाड होत गेली होती. चालायला, जेवायला, गप्पा मारायला काही अडचण नाही. पण सगळा जोर लावायची वेळ आली की रक्ताची वाट अडणार, ठोका भरकटणार, आणि एखाद्या दिवशी आखाड्यातच माणूस कोसळणार. अशी धडधाकट पोरं खेळता खेळता जातात, आणि लोक म्हणतात नजर लागली.

"कुस्ती बंद," डॉक्टर म्हणाले. "आजपासून. जोर-बैठकासुद्धा नाहीत."

दिलीपनं शर्ट घातला आणि बाहेर गेला. आम्ही निघताना डॉक्टरांनी मला थांबवलं. "मॅडम, तुमचं कौतुक आहे. पण एवढा खटाटोप कशाला? साध्या ईसीजीत हे पाच मिनिटांत दिसलं असतं."

माझी उमेदीची सारी वर्षं, त्या वड्या, भट्ट्या, भिंतीपार जाणारे इलेक्ट्रॉन, आणि हा गृहस्थ म्हणतो पाच मिनिटं. बरं, तो खरं बोलत होता. जिन्यात आल्यावर मला वाटलं, पण पैलवानाला ईसीजी काढायला आणणार कोण होतं? छातीत दुखतं असं पैलवान मेला तरी म्हणत नाही. दिलीप भावाच्या शब्दाखातर आणि गंमत म्हणून आमच्या बाजेवर निजला, म्हणून एवढं तरी कळलं. यापेक्षा मोठा दावा मी आमच्या संशोधनाबद्दल कधी केला नाही.

रस्त्यावर आल्यावर वैशाली म्हणाली, "आपण जिंकलो म्हणायचं का हो, मॅडम?" आणि तिथंच, रिक्षावाल्यासमोर, रडायला लागली.

गदेची कुस्ती पुढच्याच महिन्यात होती. दिलीप तालमीतच राहिला. वस्तादांना सर्जेरावांनी कानात सांगितलं, तर ते म्हणाले, "डाक्टर काय, भ्या घालायलाच बसल्यात." फलक तसेच होते. दिलीप लढणार की नाही हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही, घरीही नाही. मी दोनदा तालमीच्या दारापर्यंत जाऊन परत आले. मी आणखी काय सांगणार होते? मरशील म्हणून सांगून झालं होतं.

कुस्तीच्या दिवशी सर्जेराव माझ्या दारात आले. "मॅडम, मैदानाला चला," ते म्हणाले. "काय करनार हाय त्यो, मलाबी म्हाईत न्हाय. काय झालंच तर तुमी जवळ असा."

मी डॉक्टरांना सांगून ठेवलं आणि गेले. इतकी माणसं मी कोल्हापुरातही एका जागी बघितली नव्हती. हलगी कडकडत होती, शिट्ट्या, फेटे, धुरळा. लहानमोठ्या कुस्त्या होत गेल्या, त्यातली एकही माझ्या डोळ्यांत शिरली नाही. मग दिलीपचं नाव पुकारलं. तो लांग कसून आत आला आणि सगळं मैदान उभं राहिलं. त्यानं वाकून माती उचलली, कपाळाला लावली. सोलापूरकडचा त्याचा जोडीदार मांडीवर शड्डू ठोकत पुढं आला. माझ्या हातात सर्जेरावांची बाही होती, ती कधी धरली ते मला माहीत नाही.

दिलीप जोडीदाराजवळ गेला, त्याचा हात धरला आणि वर केला. पंचांकडं बघून मान हलवली. मग वळला आणि चालत बाहेर निघाला.

हलगी थांबली. काय झालं ते कुणालाच कळेना. कुस्तीच झाली नव्हती. मग वरच्या कुठल्या तरी पायरीवरून एक आवाज आला, "भ्याला रं!" तो शब्द मैदानभर पसरला. भ्याला, भ्याला, भ्याला! चपला आल्या, बाटल्या आल्या. ज्यांनी त्याचे फलक लावले तेच आयाबहिणींवरून शिव्या देत होते. मी उठले. आजवर माझा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापलीकडं गेला नाही, पण मी ओरडायला तोंड उघडलं, की अरे, तो आजारी आहे! सर्जेरावांनी मला हाताला धरून खाली बसवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बसा, मॅडम. तेनं ठरवलंया."

"पण खरं काय ते सांगायला नको?"

"आमच्या बहिणीची सोयरीक जुळल्याली हाय. घरात काळजाचा आजार हाय म्हटल्यावर पोरगी कोन करून घील?"

तिला सांगलीला नेऊन तिचा इको आम्हीच गुपचूप काढून घेतला होता. स्वच्छ निघाला होता. पण तो स्वच्छ निघाला हे सांगायचं, तर काढला कशासाठी हेही सांगावं लागलं असतं. मी खाली बसले आणि तो शब्द थांबायची वाट बघत राहिले. माझ्या पोटच्या पोराला कुणी बोलत असावं तसं मला लागत होतं.

बहिणीचं लग्न झालं. वैशालीची पीएच.डी. झाली. तिच्या प्रबंधात दिलीप म्हणजे 'एक पुरुष, पंचविशीचा, शरीरयष्टी उत्तम' एवढाच आहे. ती आता दुसऱ्या राज्यात मोठ्या प्रयोगशाळेत याच जातीची यंत्रं करते, कुणाचंही प्रमाण घेताना दहा वेळा विचार करते आणि मला फोन करून अजून 'मी बोलतो' म्हणते. आमचं यंत्र कुठल्याच कारखान्यानं घेतलं नाही. ते कॉलेजच्या कपाटात आहे. ईसीजी स्वस्त आहे, आणि आता पुष्कळ तालमींत तो काढतातही. दिलीप म्हशी सांभाळतो, गोळ्या घेतो, दोन मुलींचा बाप आहे. त्या मुलींना तपासायला मीच घेऊन गेले होते. संस्थेच्या निवडणुकीत भांडण पेटलं की त्याला अजून कुणी तरी तो शब्द ऐकवतं. हे लिहू का, म्हणून यंदा मी त्याला विचारलं. "लिवा की," तो म्हणाला. "बहिणीची पोरं आता कालेजात गेली. नावं तेवढी बदला." म्हणून नावं बदलली आहेत.

पण त्या मैदानातली एक गोष्ट त्यालाही आठवत असेल का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. आरडाओरडा चालूच होता तेव्हा मी गर्दीतून वाट काढत मागच्या बाजूला गेले. भिंतीला टेकून तो एकटा उभा होता आणि शर्टात हात घालत होता. अंगाला माती नव्हती, कपाळाला लावली होती तेवढीच. मला बघून तो थांबला.

"मॅडम," तो म्हणाला, "मशीन बरोबर हाय न्हवं?"

आमच्या विद्येत कुठलाही आकडा एकटा लिहीत नाहीत, पुढं चुकीला किती जागा आहे ते लिहावं लागतं. ते लिहिलं नाही म्हणून मी कितीक पोरांच्या वह्या परत फेकल्या होत्या.

"शंभर टक्के," मी म्हणाले.

"मग झालं," तो म्हणाला, आणि बटणं लावायला लागला.